हत्यारबंदीतला नवरदेव

शालिग्राम बडगुजर हवालदारांना सरकारी हुकूम पाठ करायची हौस होती. ठाण्याच्या भिंतीवर नवा कागद लागला की बाकीचे शिपाई त्याला पाठ टेकून तंबाखू मळायचे. शालिग्राम मात्र कागदासमोर उभे राहून, ओठ हलवत, पहिल्या अक्षरापासून खालच्या सहीपर्यंत वाचायचे आणि जेवणाच्या सुट्टीत कोणी विचारो न विचारो, म्हणून दाखवायचे. त्यामुळे नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आली आणि जळगाव शहरात हत्यारबंदी लागू झाली, तेव्हा रेल्वे स्टेशनाबाहेर उभं करायला नव्या फौजदारांना दुसऱ्या कोणाचं नाव सुचलंच नाही.

हुकूम साधा होता. शहराच्या हद्दीत, सार्वजनिक जागी, तलवार, भाला, कट्यार, सुरा, सोटा किंवा इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू कोणी बाळगायची नाही. कामावर असलेल्या सरकारी नोकराला हा हुकूम लागू नाही. फौजदारांनी त्यात स्वतःचं एक वाक्य घातलं होतं.

"बडगुजर, तुमचा सख्खा मेहुणा आला तरी सोडायचा नाही."

शालिग्रामांना तीन मेहुणे होते आणि तिघांनाही न सोडायची त्यांची मनापासून तयारी होती. पण मेहुणे काही आले नाहीत. पहिल्या दोन दिवसांत आले ते रावेरकडून केळीचे घड कापायला निघालेले मजूर, त्यांचे कोयते जमा झाले. एक बहुरूपी आला, त्याची पत्र्याची तलवार जमा झाली. एका म्हाताऱ्याची काठीही त्यांनी काढून घेतली, पण म्हातारा काठीशिवाय जागचा हलेना आणि त्याला घरी उचलून न्यायची वेळ आली, तेव्हा ती परत दिली. तेवढी एक सूट सोडली तर कामगिरीत खोट काढायला जागा नव्हती.

खोट होती ती घरी. शालिग्राम पिंप्राळ्यात भाड्याने राहायचे आणि त्यांच्या शेजारच्या जीवराम नानांच्या लताचं आज लग्न होतं. शालिग्रामांच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी, महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं की त्या दिवशी रजा काढा. लता त्यांच्याच ओट्यावर खेळून मोठी झालेली. शालिग्राम "बघतो" म्हणाले, मग "विचारतो" म्हणाले आणि शेवटी येऊन सांगितलं की निवडणुकीमुळे साहेबांनी रजा साफ नाकारली.

खरं म्हणजे त्यांनी रजा मागितलीच नव्हती. वऱ्हाड कुठलं येणार, हेही कधी विचारलं नव्हतं. लग्नाच्या मांडवात त्यांचा जीव गुदमरायचा. चोराला धरायला ते भीत नसत, पण चार बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या की यांचे कान तापायचे. स्वतःच्या लग्नात सगळ्यांनी नाव घ्या, नाव घ्या म्हणून घेरलं, तर हे मांडवाच्या मागच्या बाजूने पसार झाले होते आणि जेवणाच्या पंगतीलाच परत उगवले होते. प्रमिलाबाईंनी ती गोष्ट कधी विसरू दिली नव्हती. आज सकाळी मात्र त्या काहीच बोलल्या नाहीत. डबा हातात दिला आणि आत गेल्या. डब्यात भाकर होती आणि मिरचीचा ठेचा होता, भाजी नव्हती. शालिग्रामांना जे समजायचं ते समजलं.

तर त्या सकाळी सुरतेकडची पॅसेंजर आली आणि तिच्यातून एक अख्खं वऱ्हाड उतरलं. दोंडाईच्याकडचं होतं. पेट्या, ट्रंका, फराळाचे डबे, झोपलेली पोरं, एक हरवलेली चप्पल आणि ती शोधणारे पाचजण, असं सगळं रेटत रेटत बाहेर आलं. मधोमध नवरदेव होता. अंगात बदामी सफारी, खांद्यावर उपरणं, डोक्याला फेटा, कपाळाला मुंडावळ्या, हातापायाला हळद, आणि उजव्या हातात टोकाला लिंबू खोचलेली कट्यार.

शालिग्रामांनी हात आडवा केला.

"थांबा. हे हत्यार जमा करावं लागेल."

वऱ्हाड थांबलं. मागच्यांना काही कळलं नाही, म्हणून ते पुढच्यांवर येऊन आदळले. नवरदेवाचं नाव सुकदेव होतं. गरीब स्वभावाचा, सोसायटीत कारकून असलेला पोरगा. रात्रीपासून कट्यार धरून त्याच्या बोटांना घाम आला होता. त्याने लगेच ती पुढे केली. ती शालिग्रामांच्या हातात पडणार, तेवढ्यात बाजूने एक हात आला आणि सुकदेवच्या मनगटावर फटका बसला.

तो हात शेवंताबाईंचा होता. सुकदेवची ही थोरली आत्या, म्हणजे तिकडच्या भाषेत फुई. साठी ओलांडलेली, ठेंगणी, रुपयाएवढं कुंकू लावलेली बाई. वऱ्हाडाचे पुढारी म्हणून सुकदेवचे वडील निंबा आबा पागोटं बांधून पुढे चालत होते खरे, पण त्यांनासुद्धा कोणत्या डब्यात बसायचं हे बहिणीनेच सांगितलं होतं.

"हात नका लावू, हवालदार भाऊ," शेवंताबाई शांतपणे म्हणाल्या. "हयद लागनी तैपासून अक्षता पडापावत लोखंड नवरदेवना हातमाथीन सुटाले नको."

"बाई, शहरात हत्यारबंदी आहे."

"हत्यार कोठे शे? कट्यार शे ती. तिनावरी तर लिंबूबी कापात नही. खोचेल शे."

"कट्यार हुकुमात नावानिशी आहे," शालिग्राम म्हणाले. "तलवार, भाला, कट्यार, या क्रमाने."

"फुई, दी टाक ना," सुकदेव हळूच म्हणाला.

"तू गप ऱ्हाय. तुना आजाना लगनमा आसंच व्हयनं व्हतं," शेवंताबाई आता सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल अशा बेताने बोलू लागल्या. "त्यानी तमाखू चोयाले कट्यार जराशी खाले ठेवी, आन् मांडवले आग लागनी. बठ्ठा मांडव गया."

निंबा आबांनी चमकून बहिणीकडे पाहिलं. आपल्या बापाच्या लग्नातली आग त्यांना आजच कळत होती.

शालिग्रामांनी आवाज चढवला. हे पोलीस खातं आहे, इथे आग आणि लिंबू चालत नाही, कट्यार द्या, पावती घ्या आणि लग्न लागल्यावर ठाण्यातून घेऊन जा, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. शेवंताबाईंनी ते मान हलवत शेवटपर्यंत ऐकलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग नवरदेवलेबी जमा करी ल्या. दोन्हीसनी एकच पावती द्या." आणि वऱ्हाडाकडे वळून म्हणाल्या, "बसा रे बठ्ठा आठेच."

वऱ्हाड बसलं. वऱ्हाडाला बसायला फार सांगावं लागत नाही. स्टेशनाबाहेरच्या कडुलिंबाखाली ट्रंका टेकल्या, पदरांनी वारा घेणं सुरू झालं, कोणीतरी शेव-मुरमुऱ्याची पिशवी सोडली. रिक्षावाले भाडं सोडून बघायला आले. रसवंतीवाल्याने आपली गाडी ओढत जवळ आणली आणि घुंगरं वाजवत चरक सुरू केला. वैशाखातलं ऊन दहालाच डांबर मऊ करत होतं आणि शालिग्रामांच्या टोपीखालून घामाची एक धार निघून कानामागे चालली होती. एवढा जमाव एका जागी बसलेला फौजदारांनी पाहिला, तर जमाव का जमला याचं उत्तर आधी आपल्यालाच द्यावं लागेल, हे त्यांच्या ध्यानात आलं. मुद्देमाल म्हणून नवरदेव ठाण्यात नेऊन बसवायचा, तर त्याच्या मागे हे सगळं ठाण्यात येणार. ठाण्यात बाकडी दोन.

"आक्का, आइका ना," ते शेवंताबाईंजवळ वाकून म्हणाले. कायद्याची भाषा सुटून त्यांच्या तोंडी घरची भाषा आली होती, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. त्यांनी घसा खाकरला. "म्हणजे, हुकूम माझा नाही. वरून आहे."

"मंग वाचा तो हुकूम. आइकू तरी द्या आम्हले."

वाचायची गरजच नव्हती. शालिग्रामांनी हात मागे बांधले, नजर समोरच्या टांग्याच्या घोड्यावर ठेवली आणि हुकूम म्हणायला सुरुवात केली. तलवारीपासून ते इजा करता येईल अशा कोणत्याही वस्तूपर्यंत आले. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या पोथी ऐकावी तशा ऐकत होत्या. "कामावर असलेल्या सरकारी नोकराला हा हुकूम लागू नाही," असं म्हणून त्यांनी शेवट केला आणि एका आजोबांनी नकळत हात जोडले.

शेवंताबाईंनी विचारलं, "तुम्ही सरकारना माणूस शेतस ना?"

"म्हणजे काय."

"आन् आते कामवर शेतस?"

"पहाटेपासून."

"मंग तुम्हीच धरा कट्यार. हत्यार सरकारना हातमा, आन् सरकार नवरदेवना संगे. हुकूमबी ऱ्हायना, लगीनबी लागनं."

शालिग्रामांनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. त्यांनी मनातल्या मनात हुकूम पुन्हा एकदा वरून खाली तपासला. कुठे अडत नव्हतं. हत्यार जप्त झालं, पोलिसांच्या ताब्यात आलं. ताबा म्हणजे ताबा, तो ठाण्यात बसून घ्यायचा की चालत चालत, हे काही लिहिलेलं नव्हतं. शिवाय जमावही पांगणार होता. उलट हा तोडगा इतका चोख होता की तो आपल्यालाच आधी सुचला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. त्यांनी आपल्या जागी दुसरा शिपाई बोलावून घेतला, टोपी नीट केली आणि हात पुढे केला.

शेवंताबाईंनी सुकदेवचं उपरणं काढलं, त्याचं एक टोक कट्यारीच्या मुठीला बांधलं आणि दुसरं सुकदेवच्या मनगटाला. मूठ शालिग्रामांच्या हातात दिली.

"लोखंड सुटनं नही," त्या वऱ्हाडाला म्हणाल्या. "चाला."

रिक्षात मागे नवरदेव, मधे शेवंताबाई आणि कडेला शालिग्राम बसले. कट्यार आत मावेना, म्हणून ती त्यांनी रिक्षाच्या बाहेर धरली. रिक्षावाल्याने मान वळवून विचारलं, "कुठे घेऊ?"

"पिंप्राया," शेवंताबाई म्हणाल्या. "जीवराम नानाना मांडवमा."

शालिग्रामांचा हात एकदम सैल पडला आणि लिंबू रस्त्याला लागता लागता राहिलं.

"जीवराम नाना, म्हणजे पिठाच्या गिरणीमागचे?" त्यांनी विचारलं.

"तेच. वळखतस का?"

शालिग्रामांनी टोपी पुढे ओढली. ओळखतो म्हणावं तर पुढचे प्रश्न येणार, आणि नाही म्हणावं तर सरकारी नोकराने कामावर असताना खोटं बोलल्यासारखं होणार. पिंप्राळ्याचं रेल्वे फाटक बंद असावं आणि मालगाडी लांबलचक असावी, अशी त्यांनी इच्छा केली. फाटक उघडं होतं.

गावाच्या वेशीवरच्या मारुतीजवळ घोडी आणि बँड तयार होते. खाकी कपडे बघून बँडवाल्यांनी पिपाण्या खाली केल्या आणि त्यांचा मालक परवानगीचा कागद घेऊन धावत आला. शालिग्राम म्हणाले, "वाजवा, वाजवा, त्याचं काही नाही." पण खरी अडचण घोडीची होती. सुकदेव वर बसला, शालिग्राम खाली उभे राहिले, आणि उपरणं ताणून दोरीसारखं झालं. हात डोक्यावर उंच धरल्याशिवाय भागेना. म्हणून शालिग्राम कट्यार उंच धरून चालू लागले. हाताला रग लागली की दुसरा हात. दुसऱ्याला लागली की पुन्हा पहिला. बँडची चाल उडती होती, घोडी तिच्या तालावर पाय टाकायला शिकलेली होती आणि घोडी हलली की उपरणं हलायचं, उपरणं हललं की कट्यार हलायची. लांबून पाहणाऱ्याला हवालदार वरातीपुढे कट्यार परजत नाचतो आहे, यापेक्षा वेगळं काही वाटायचं कारणच नव्हतं. वऱ्हाडातल्या दोन जवान पोरांना ते इतकं आवडलं की तेही त्यांच्या दोन्ही बाजूंना येऊन नाचू लागले.

शालिग्राम समोर बघत चालत होते. आपल्या गल्लीत ते आयुष्यात पहिल्यांदाच इतके हळू चालत होते. गिरणीवाला पिठाने पांढरा झालेला तसाच बाहेर आला. "शालिग्राम भाऊ, तुमचं दुसरं का?" असं त्याने विचारलं, तेही बँडचा आवाज नेमका थांबला होता तेव्हा.

मांडवाच्या दारात लताची आई ताईबाई आणि शेजारपाजारच्या बायका उभ्या होत्या. ताईबाईंच्या हातात कळशी होती आणि ओवाळणीचं ताट त्यांनी मोठ्या विश्वासाने प्रमिलाबाईंच्या हातात दिलं होतं. प्रमिलाबाईंनी नवं मोरपंखी लुगडं नेसलं होतं. त्यांनी आधी घोडी पाहिली, मग नवरदेव पाहिला, मग उपरण्याच्या दुसऱ्या टोकाकडे नजर गेली आणि ताटातली ज्योत जराशी हलली.

"पहिले कोणाला ओवाळायचं?" ताईबाईंनी विचारलं.

"जेना हातमा कट्यार, तेले पहिले कुंकू," शेवंताबाई म्हणाल्या. अशी काही रीत निंबा आबांनी ऐकली नव्हती, पण त्यांनी आता विचार करणं सोडून दिलं होतं.

"ह्यांना नको," प्रमिलाबाई म्हणाल्या. "ह्यांना आज मरायला फुरसत नाही. मला आधीच सांगून ठेवलंय."

तेवढ्यावरून शेवंताबाईंना सगळं समजलं. त्यांनी एकदा शालिग्रामांकडे पाहिलं, एकदा प्रमिलाबाईंकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावर काही न दाखवता पदर सावरला.

"घरधनी शेतस का तुमना?" त्यांनी विचारलं. "मंग तर नाव लिधाशिवाय मांडवमा पाय ठेवू द्यायचा नही."

झालं. बायकांनी दार अडवलं. "नाव घ्या, नाव घ्या" सुरू झालं. ज्या प्रसंगातून शालिग्राम स्वतःच्या लग्नात निसटले होते, तोच आता समोर होता आणि या वेळी ते एका नवरदेवाला बांधलेले होते. पळायचं तर घोडीसकट पळावं लागलं असतं.

"मी कामावर आहे," ते म्हणाले.

"कामवर ऱ्हाईसन बायकोनं नाव लेवानं नही, आसं हुकूममा कोठे लिखेल शे?" शेवंताबाईंनी विचारलं.

शालिग्रामांनी सवयीने हुकूम मनात तपासला. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. कान तापले. हाताला रग लागली. घोडीने नाकातून एक मोठा श्वास त्यांच्या मानेवर सोडला. शेवटी हुकूम म्हणायची ती एकच चाल त्यांना येत होती, त्या चालीवर, समोर कुठेही न बघता, ते म्हणाले,

"शहराच्या हद्दीत झाली लागू हत्यारबंदी,
प्रमिलाचं नाव घ्यायची सरकारनेच दिली संधी."

बायका इतक्या हसल्या की ताईबाईंच्या कळशीतलं पाणी सांडलं. प्रमिलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी ओठ घट्ट दाबून धरले, शालिग्रामांच्या कपाळाला कुंकवाचा लांब टिळा ओढला आणि हळदीचं बोट गालाला पुसलं. मग त्या बाजूला झाल्या. पण बाजूला होताना त्यांनी टोपीला लागलेला अक्षतांचा दाणा काढला, तेव्हा आपण निम्मे सुटलो, असं शालिग्रामांना वाटलं.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाच्या अलीकडे सुकदेव, पलीकडे लता, आणि सुकदेवच्या पाठीशी मामा उभा राहतो त्या जागी हवालदार, हातात कट्यार. खरा मामा शेजारी रुसून उभा होता. तिसरं कडवं चाललं होतं तेव्हा मांडवाबाहेर जीप थांबली आणि फौजदार आत आले. तुमचा एक हवालदार उघडी कट्यार घेऊन भरचौकात नाचतो आहे, असं त्यांना कोणीतरी जाऊन सांगितलं होतं.

मांडवातल्या सगळ्या माना दाराकडे वळल्या, पण भटजी थांबले नाहीत. त्यांना पुढे आणखी एक लग्न लावायचं होतं. फौजदार काही बोलणार, तोच शेवंताबाईंनी त्यांच्या मुठीत अक्षता कोंबल्या. मुठीत अक्षता घेऊन रागावता येत नाही. फौजदार तसेच उभे राहिले. "सावधान" झाल्यावर सगळ्यांबरोबर त्यांनीही अक्षता टाकल्या. मग ते शालिग्रामांसमोर आले. शालिग्रामांनी सलाम ठोकला. तो उजव्या हातानेच ठोकायचा असतो आणि उजव्या हातात कट्यार होती, त्यामुळे लिंबू फौजदारांच्या टोपीवरून गेलं.

"बडगुजर, हे काय आहे?"

"जप्त हत्यार, साहेब. पोलिसांच्या ताब्यात."

"आणि हा?" फौजदारांनी उपरण्याच्या टोकाकडे बोट दाखवलं.

"मुद्देमालाबरोबर आलेला इसम."

फौजदार देशावरून बदलून आलेले होते. त्यांना खानदेशातले चारच महिने झाले होते आणि इथल्या माणसांचं नेमकं काय करायचं हे अजून ठरलेलं नव्हतं. त्यांनी शालिग्रामांच्या गालावरची हळद पाहिली, टिळा पाहिला, आणि मिशीवरून हात फिरवत बराच वेळ तोंड झाकून ठेवलं.

"अहो, एवढं लग्नाला यायचं होतं तर सरळ रजा मागायची," ते शेवटी म्हणाले. "दिली असती मी. एका दिवसाने काय बिघडलं असतं?"

मांडवातले बाकी लोक आता नवरानवरीकडे वळले होते. पण प्रमिलाबाई दोनच हातांवर उभ्या होत्या.

"मागितली नव्हती का ह्यांनी?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे? नाही बुवा," फौजदार म्हणाले. मग त्यांनी हवालदाराच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि आपण काय करून बसलो ते त्यांना कळलं. पण बोललेलं परत घेता येत नव्हतं.

प्रमिलाबाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी शालिग्रामांकडे पाहिलंसुद्धा नाही. "साहेब," त्या म्हणाल्या, "ही बंदी किती दिवस आहे?"

"निवडणुकीचा निकाल लागेपर्यंत."

"म्हणजे अजून दोन आठवडे. दोन आठवडे दाट तिथी आहेत. प्रत्येक नवरदेवाच्या हातात कट्यार असणार. तुम्ही किती जणांशी भांडत बसाल? त्यापेक्षा सगळी लग्नं ह्यांनाच द्या. ह्यांचा हात आता बसला आहे."

शालिग्राम काहीतरी बोलायला गेले, पण तेवढ्यात शेवंताबाईंनी उपरण्याची गाठ सोडली आणि म्हणाल्या, "सोनासारखी बाई शे. आइका तिनं."

फौजदारांना पंगतीत बसवलं. वांग्याचं भरीत, कळण्याची पुरी, बट्टी आणि वरण आलं. दुसऱ्यांदा भरीत वाढून घेईपर्यंत त्यांना त्या बाईंचं म्हणणं पटलं होतं. कट्यार ठाण्यात जमा झाली, तिची रीतसर नोंद झाली आणि संध्याकाळच्या गाडीच्या वेळी शालिग्रामांनी ती फलाटावर नेऊन खिडकीतून शेवंताबाईंच्या हातात दिली. शेवंताबाईंनी तिच्याकडे ढुंकूनही न पाहता ती पिशवीत, चिवड्याच्या डब्याखाली टाकली.

"लोखंड हातातून सुटू द्यायचं नसतं ना?" शालिग्रामांनी विचारलं.

"लगीन लागी गयं ना, भाऊ. आते तिनं काय काम?" त्या म्हणाल्या. "सुकदेवना धाकला भाऊनंबी लगीन शे मार्गेसर महिनामा. तुम्हले पत्रिका धाडसू."

पुढचे दोन आठवडे शालिग्राम नवरदेवांबरोबर हिंडले. स्टेशनावर उतरायचं आणि हवालदार मागायचा, हे सुरतेच्या लायनीवरच्या सगळ्या गावांत माहीत झालं. पहिले दोन दिवस ते फाशीला निघाल्यासारखे निघायचे. घरी गेल्यावर प्रमिलाबाई फक्त एवढंच विचारायच्या, "आज नाव कोणतं घेतलं?" आणि ते सांगावंच लागायचं, कारण बहुतेक लग्नांत कोणी ना कोणी त्यांच्या ओळखीचं निघायचं आणि खोटं टिकायचं नाही. तिसऱ्या दिवसापासून ते सकाळी दाढी करताना ओठ हलवू लागले. भिंतीवरचा हुकूम म्हणतात, असं प्रमिलाबाईंना वाटलं. त्यांनी कान देऊन ऐकलं, तर ते "प्रमिला"ला यमक जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं.

त्यांच्यात बराच फरक पडला. घोडी उंच असली तर पायाखाली काय घ्यायचं, मामा रुसला तर त्याला कोणत्या बाजूला उभं करायचं, हे त्यांना उमजलं. बायका हसल्या तर कान तापायचे ते तापतच राहिले, पण मांडवाची मागची बाजू शोधणं त्यांनी सोडलं. पट्ट्याला एक भोक वाढवून घ्यावं लागलं. प्रमिलाबाईंशी बोलणं सुरू झालं ते पाचव्या लग्नापासून, आणि ते लग्न अमळनेरकरांचं होतं एवढंच त्यांनी शेजारी सांगितलं. तिथे कोणतं नाव घेतलं ते कोणालाच कळलं नाही.

निकाल लागला, बंदी उठली आणि भिंतीवरचा कागद कोणीतरी काढून त्यात भजी बांधून नेली. दुसऱ्या सकाळी शालिग्राम नेहमीच्या कामावर, स्टेशनाबाहेर रिक्षांची रांग लावत उभे होते. पॅसेंजर आली आणि नंदुरबारकडचं एक वऱ्हाड बाहेर आलं. पुढे नवरदेव, हातात कट्यार. तो सरळ शालिग्रामांसमोर आला आणि कट्यार पुढे केली.

"आता गरज नाही," शालिग्राम म्हणाले. "बंदी उठली. तुमची तुम्हीच धरा."

नवरदेवाचा चेहरा पडला. त्याच्यामागे उभ्या असलेल्या बायकांचेही पडले.

"आमनं लगीन काय हलकं शे का?" त्यांतली एक म्हणाली. "दोंडाईचावालासले हवालदार, आन् आम्हले नही?"

शालिग्रामांनी रिक्षांच्या रांगेकडे पाहिलं. रांग सरळ होती. त्यांनी पलीकडच्या शिपायाला हात करून इकडे लक्ष ठेवायला सांगितलं.

"कुठे जायचंय?" त्यांनी विचारलं.

"मेहरूणला."

"जरा लांब आहे," ते म्हणाले आणि त्यांनी कट्यार हातात घेतली.